मीठ नको म्हणणारा माड

एप्रिल महिना होता. पंखा पाचवर होता, तरी पाठीला घामाची धार लागली होती, आणि मी चाळीच्या गॅलरीत उभी राहून शेजारणीला सांगत होते, की आज पुन्हा दंव पडणार आहे, काही खरं नाही. शेजारीण कपडे वाळत घालत होती. हातातला टॉवेल झटकत ती म्हणाली, "मावशी, आधी हा ओला टॉवेल डोक्यावर ठेवा. लालबागला कुठलं आलंय दंव?"

लालबागला नव्हे, स्कॉटलंडला. माझी मुलगी तिथे राहते, तिच्या घराच्या पुढच्या दारी एक माड आहे, आणि त्या माडाची काळजी मी इथून करते. यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. लोक इथे बसून ऑस्ट्रेलियातल्या पिचची काळजी करतात, त्यांना कोणी ओला टॉवेल देत नाही. माझ्या फोनवर हवामान उघडलं की आधी मुलीच्या गावाचं दिसतं आणि मग मुंबईचं. मुंबईचं बघावं लागत नाही, ते अंगावरच असतं. चाळीतली पोरं जिन्यात भेटली की विचारतात, "काय मावशी, आज किती मायनस?" मीही आकडा सांगते आणि पिशव्या घेऊन वर चढते.

हा माड हौसेचा नाही, हट्टाचा आहे. हट्ट कशावरून धरला ते आधी सांगायला हवं.

आमचं गाव मालवणच्या बाजूला. सासरच्या घरी पद्धत अशी, की मुलगा झाला की बारशाच्या सुमाराला परसात त्याच्या नावाचा माड लावायचा. खोल खड्डा काढायचा, तळाला मीठ आणि राख घालायची, वर कोंब आलेला नारळ बसवायचा. घरातल्या कर्त्या माणसाने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. माझ्या नवऱ्याचा माड तिथे आहे, थोरल्या दिरांचा आहे, दिरांच्या दोन्ही मुलांचे होते, त्यातला धाकट्याचा पुढे वादळात पडला. कुठला कोणाचा, हे घरातलं शेंबडं पोरही सांगतं. माझा नवरा जन्मला परळला, वाढला गिरणीच्या भोंग्यावर, नोकरी केली छापखान्यात, पण गावाला गेला की पहिल्यांदा परसात जाऊन आपल्या माडाच्या बुंध्यावर थाप मारून येतो. मग चहा.

मुलींचे माड लावत नाहीत. मुलीचा माड सासरी, असं म्हणतात. माझी मुलगी झाली तेव्हा मी विचारलं होतं. बाळंतिणीच्या खाटेवरूनच विचारलं, तेव्हाही हेच उत्तर मिळालं. मी भांडले आणि हरले. पुढे मुलगी मोठी झाली, शिकली, आणि तिने नागपूरचा मुलगा पसंत केला. मुलगा उत्तम आहे, पण नागपूरला माड कुठून आणायचा? त्यांच्या अंगणात एक पेरू आहे, तोही शेजाऱ्यांकडे झुकलेला. म्हणजे माझ्या मुलीला माहेरी माड नाही, कारण ती मुलगी, आणि सासरी माड नाही, कारण ते नागपूर. ज्याने कोणी ही म्हण काढली त्याने नकाशा बघितला नव्हता.

मग नात झाली, तिकडेच, स्कॉटलंडला. आम्हाला जाता आलं नाही. बारसं फोनवर बघितलं, पाळणा मी इथे गॅलरीत बसून म्हटला. दुसऱ्या दिवशी मी गावाला थोरल्या दिरांना फोन लावला आणि म्हटलं, "भावजी, नातीच्या नावान परसात एक माड लावूया. पुढच्या महिन्यात आम्ही येतोच आहोत."

मग ते म्हणाले, "कोणाचो? चेडवाच्या चेडवाचो? आणि ती रवता खंय, तर बर्फात. जी माणसां गावात येनत नाय, तेंच्या माडाक पाणी कोणी घालूचा?"

आमच्याकडे मुलीला चेडू म्हणतात. दीर वाईट माणूस नाहीत. पहाटे उठून परसाला पाणी देतात, आमच्या वाटणीचे नारळ न मागता पाठवतात. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. त्यांचे दोन मुलगे, थोरला डोंबिवलीला, धाकटा विरारला. गणपतीलासुद्धा फिरकत नाहीत. त्यांच्या माडांना मात्र पाणी बिनबोभाट मिळतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी त्यांना तोंडावर म्हटलं. त्यावर ते हसले आणि म्हणाले, "लाव मग बर्फात माड."

"बर्फातच लावतंय," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

नवरा कॉटवर पेपर वाचत होता. पेपर खाली न घेताच त्याने विचारलं, "कसा लावणार?"

"ते अजून ठरलं नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी भायखळ्याच्या बाजूला एका नर्सरीत गेले. तिथल्या माणसाला म्हटलं, थंडीत टिकणारा माड पाहिजे. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "एसी में रखना है ना? ये ले जाओ आंटी, लोअर परळ के सब ऑफिसवाले यही ले जाते हैं." कुंडीत पिवळट दांड्यांचं एक नाजूक झाड होतं, ज्याला लोक हौसेने पाम म्हणतात. मी म्हटलं, एसी नाही, बर्फ. खरा बर्फ, गुडघ्याएवढा. तो म्हणाला, "आंटी, बरफ में तो आदमी भी नहीं टिकता." मी त्याला सांगितलं की माझी मुलगी टिकली आहे. त्याने मान डोलावली, पण तसं झाड त्याच्याकडे नव्हतं.

मी महापालिकेच्या शाळेत जन्मभर मुलांना शिकवलं आहे. एखादी गोष्ट होत नाही असं कोणी म्हटलं की मला ती तपासून बघायची खोड आहे. फोनवर शोधायला बसले आणि थक्क झाले. जगात थंड देशांत माड लावणाऱ्यांची एक जमातच आहे. इंग्लंडात आहेत, जर्मनीत आहेत, कॅनडासारख्या ठिकाणीही आहेत. हिवाळा आला की ही माणसं आपल्या माडांची पानं वर गोळा करून बांधतात, बुंध्याभोवती पेंढा भरतात, वर कापड गुंडाळतात आणि वसंतापर्यंत जीव मुठीत धरून बसतात. कोणी सांगितलंय त्यांना? कोणीच नाही. शेजारी हसतात, झाडं मरतात, ही पुन्हा लावतात. माझ्यासारखी माणसं सगळीकडे आहेत हे वाचून मला फार बरं वाटलं.

यातून एक माड सापडला. चीनकडच्या डोंगरांतला, पंख्यासारख्या पानांचा. खोडावर काथ्याचं जाड वेष्टन, जन्मतःच स्वेटर घातल्यासारखं. नारळ लागत नाही, बारीक निळसर फळं लागतात. पण बर्फ सोसतो. मी मुलीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "आई, आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो."

पुढे दोनेक वर्षांनी त्यांनी घर घेतलं, पुढे हातभर बाग असलेलं. मी लगेच विषय काढला. तेव्हा मुलगी चिडली. म्हणाली, "आई, पुरे आता. माझ्या नावाचा कुठे होता? वाढलेच ना मी?"

"वाढलीस," मी म्हटलं. "पण गावाला गेलीस की तू परसात पाऊल टाकत नाहीस. लग्नकार्याला जमलेले चुलतभाऊ आपापल्या माडांखाली फोटो काढतात आणि तू पडवीत मोबाइल बघत बसतेस. मला दिसतं ते."

तिने फोन ठेवला. मला वाटलं, मी जास्त बोलले. त्या शनिवारी तिने फोटो पाठवला, गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेला पंख्याचा माड, आणि बाजूला आपल्या खुर्चीत बांधलेली नात. दोघं जवळपास एका उंचीची होती.

लावणी आम्ही रविवारी दुपारी केली, म्हणजे तिकडे सकाळ होती. माझा नवरा, जो तोवर या सगळ्याला 'हिचं खूळ' म्हणत होता, तो धुतलेला सदरा घालून फोनसमोर बसला. खड्डा जावयाने खणला, आमच्या सांगण्यावरून, आमच्या पद्धतीने, चांगला खोल. तळाला राख नव्हती म्हणून शेगडीतला कोळसा चुरून घातला. मूठभर मीठ शकुनाचं म्हणून घातलं. मग नवऱ्याने डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकराच्या नावान दूरदेशी माड लावतंव, तेका थंडीवाऱ्यात सांभाळ..." आणि तिकडून जावई आपल्या नागपुरी हेलात दणदणीत म्हणाला, "व्हय म्हाराजा!" नात टाळ्या वाजवत होती. चाळीतले शेजारी दारात जमले होते, तेही म्हणाले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पहिल्या हिवाळ्याची सगळी तयारी आम्ही केली होती. पानं बांधली, कापड गुंडाळलं. बर्फ पडला, वितळला, पुन्हा पडला, माड उभा. मग जानेवारीत खालची पानं टोकाकडून तपकिरी व्हायला लागली. थंडीने नव्हे, कारण थंडी तेव्हा उलट कमी झाली होती. काय घातलंस, काय केलंस, मी रोज विचारायचे. मुलगी म्हणायची, काहीच नाही. शेवटी एक दिवस ती बोलता बोलता म्हणाली, "उलट त्याला बरं पडावं म्हणून मीठ देतेय."

झालं होतं असं. तिकडे बर्फावरून माणसं घसरू नयेत म्हणून रस्त्यावर, पायऱ्यांवर जाडं मीठ टाकतात. मुलगी रोज सकाळी दारातला बर्फ फावड्याने काढायची, आणि तो मीठमिश्रित बर्फ टाकायचा कुठे, तर माडाच्या बुडात. मुद्दाम. लहानपणापासून ऐकलेलं, माडाला मीठ लागतं. घरी सगळे घालतात. इतकं मीठ फुकट मिळतंय, तर माडालाच द्यावं. शेजारची गोरी बाई तिला सांगून गेली होती, की अगं, याने झाड मरेल. मुलगी तिला म्हणाली होती, आमच्याकडे माडाची माहिती जरा जास्त असते.

जावयाने वाचून काढलं. हा डोंगरातला माड, समुद्र त्याने बघितलेला नाही, मीठ त्याला विष. माझ्या नवऱ्याने पेपर खाली ठेवला. मग म्हणाला, "मीठ नको म्हणणारा माड कसला?"

लोक याला चूक म्हणतील. मी म्हणत नाही. आमच्यातल्या कोणीही हेच केलं असतं. आपल्या झाडाला आपल्या घरचं जे चांगलं ते द्यावं, एवढंच माझ्या मुलीने केलं. झाड वेगळं निघालं, यात तिचा काय दोष? तिने बुडातली माती उकरून बदलली, गोड्या पाण्याने धुऊन काढली, आणि आम्ही मार्चची वाट बघत बसलो.

मार्चमध्ये कापड सोडलं. मुलीने फोन शेंड्याजवळ धरला आणि मधलं मिटलेलं, नवं पान हलकेच चाचपलं. ते तिच्या हातातच आलं, काही न ओढता, लोण्यातून सुरी निघावी तसं. त्याचं खालचं टोक काळं झालेलं होतं.

कोकणातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. माडाला फांद्या नसतात. वर जो एक कोंब असतो तोच त्याचा जीव. तो कुजला की पानं हिरवी दिसतात, पण माड संपलेला असतो. नवऱ्याने तोंड फिरवलं. तिकडे मुलगी बागेत खाली बसून रडायला लागली. "माझ्या हाताला नाहीच ते," ती म्हणाली. "माझ्या नावाला नव्हता, माझ्या हाताला पण नाही."

मला राग आला. तिचा नाही. जिने हे तिच्या मनात भरवून दिलं, त्या सगळ्या परंपरेचा. मी फोनमध्ये ओरडले, "ऊठ. रडतेस काय? वास घे."

"काय?"

"शेंड्याचा वास घे. कुजका येतो का?"

तिने वास घेतला. येत होता, पण थोडा. मी माहेरी, आमच्या परसात, कोंब कुजलेला माड वाचलेला बघितला आहे. पावसाळ्यात आमच्याकडे हा रोग येतोच. वडील शिडी लावून वर चढायचे, कुजलेलं सगळं कोरून काढायचे आणि मोरचूद आणि चुन्याचा लेप भरायचे. कधी माड जायचा, कधी महिन्यांनी बाजूने नव्या पानाची सुई डोकावायची. मी मुलीला तेच करायला लावलं. खालचं पांढरं दिसेपर्यंत कोर, पुसून कोरडं कर, दुकानात तांब्याचं बुरशीचं औषध मिळेल ते भर, आणि वर काहीतरी पालथं घाल, पाणी जाता कामा नये. तिने बादली पालथी घातली. रस्त्यावरून जाणारी माणसं बादलीची टोपी घातलेला माड बघून थांबत होती. थांबू देत.

सुरुवातीला मी ज्या दंवाची काळजी करत होते, ते याच एप्रिलमधलं. बादलीखाली काय चाललं आहे ते कोणालाच दिसत नव्हतं. बातमी गावालाही पोचली होती. दिरांनी नारळांच्या पोत्याबरोबर निरोप धाडला, "बर्फातलो माड मेलो मां?" मी निरोप परत पाठवला, "मेलेलो नाय." खरं तर मला काहीच माहीत नव्हतं. पण माहीत नसताना हरले म्हणायची मला सवय नाही.

जूनमध्ये, आमच्या गॅलरीत पावसाचे थेंब उडत असताना, मुलीने बादली उचलली आणि काही न बोलता फोन आत धरला. कोरलेल्या जखमेच्या मधोमध एक हिरवी सुई होती, वाकडी, एका बाजूला चिरलेली. नात म्हणाली, "उठला!" नवऱ्याने चाळीभर पेढे वाटले. कारण विचारणाऱ्यांना तो म्हणाला, नातीच्या माडाला कोंब आला. शेजारणीने पेढा खाल्ला आणि काही म्हणाली नाही, एवढं मात्र मी तिचं कौतुक करीन.

मला आता कळलं होतं की मीठ बाधलं ते वेगळंच, कोंब कुजला तो साचलेल्या पाण्याने; या माडाचा शत्रू थंडी नाही, पाणी आहे. आमच्या पद्धतीचा खोल खड्डा तिकडे पाणी धरून ठेवत होता. उन्हाळ्यात जावयाने माड अलगद उचलून उंचवट्यावर लावला. राहिलं शेंड्यावरचं पाणी. बादलीखाली हवा खेळत नाही, तो काही कायमचा उपाय नव्हे. मग मला इरलं आठवलं. भातलावणीत बायका डोक्यावरून पाठीवर घेतात ते, बांबूच्या कामट्यांचं, वर पानं लावलेलं. पाऊस आत येत नाही, वारा मात्र खालून खेळतो.

त्या वर्षी दिवाळीला मुलगी आणि नात इथे आल्या होत्या. मी दोघींना घेऊन दादरला एका बुरुडाकडे गेले. सुपं आणि टोपल्या विणत बसला होता. इरलं म्हटल्यावर म्हणाला, "शोसाठी ना ताई? रिसॉर्टवाले नेतात."

"वापरायला," मी म्हटलं. "मजबूत पाहिजे."

"घालणार कोण?"

"माड," नात म्हणाली.

तो हसला, पण विणलं छान. पळसाची पानं विमानातून नेऊ देणार नाहीत म्हणून वर आम्ही निळं ताडपत्रीचं प्लास्टिक शिवलं, पावसाळ्यात सगळ्या मुंबईच्या डोक्यावर असतं ते. विमानात सामानात बसेना. मग नातीने ते डोक्यावर घेतलं आणि विमानतळावर सगळ्यांच्या पुढे चालत गेली. अधिकाऱ्याने विचारलं हे काय, तर मुलीने सांगितलं, आमच्याकडचा रेनकोट. दुसरा हिवाळा माडाने त्या इरल्याखाली काढला, आणि वसंतात त्याला धडधाकट नवी पानं आली. शेजारची गोरी बाई येऊन म्हणे मोजमाप घेऊन गेली. तिलाही एक माड लावायचा होता.

या जानेवारीत थोरले दीर मुंबईला आले. छातीत दुखत होतं, परळच्या मोठ्या इस्पितळात तपासण्या करायच्या होत्या. गावाकडून इस्पितळासाठी येणारं माणूस आमच्याकडेच उतरतं, त्यात नवीन काही नाही. मी त्यांना पेज करून घालत होते, रांगेत नंबर लावत होते. माडाचा विषय मी काढला नाही. त्यांनीही काढला नाही. म्हातारे झाले होते, आणि मुलगे फोनवर "बाबा, कळवा काय ते" एवढंच म्हणत होते. मला त्यांचं वाईट वाटत होतं. रागही तसाच होता.

रविवारी दुपारी मुलीचा फोन आला. तिकडे रात्रीपासून बर्फ पडत होता. नातीने फोन हातात घेतला आणि धावत बागेत गेली. सगळं पांढरं, आणि त्यात निळं इरलं घातलेला माड, खांद्यापर्यंत बर्फात. दीर कॉटवरून उठून माझ्या शेजारी येऊन बसले. चष्मा लावला. बराच वेळ निरखून बघितलं.

"ह्यो माड न्हय," ते शेवटी म्हणाले. "ह्यो पंखो."

नातीला माझ्या नवऱ्याने फोनवरून मालवणी शिकवलेली आहे, तिला ती मराठीपेक्षा आवडते. तिने चेहरा फोनच्या अगदी जवळ आणला. दिरांनी तिला विचारलं, "काय गो, नारळ लागतत काय तुझ्या माडाक?"

"नाय," नात म्हणाली. "पण तो माजो आसा."

दिरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत राहिले. फोन बंद झाल्यावरही पुसत होते. मी चहा टाकला. कप हातात घेऊन ते म्हणाले, "शेंड्यात बर्फ रवता नये. झटकूक सांग तिका." मी म्हटलं, सांगते. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "गावात पण लावूया. हिच्या नावान. मिरगाक, पाऊस पडलो काय, ये, परसात जागा बघूया."

माझा नवरा खूश होऊन माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं, जिंकलो आपण. मलाही क्षणभर तसं वाटलं. हेच तर मी मागितलं होतं. मग मला बागेत खाली बसून रडणारी माझी मुलगी दिसली.

"हिचो नको, भावजी," मी म्हटलं. "हिचो आसा. तो बघितलात तुमी आता. माझ्या चेडवाचो लावा. तिचो ऱ्हवलो हा."

दिरांनी कप खाली ठेवला. "चेडू चाळीशीक इला तुझा," ते म्हणाले. "आता लावूचो?"

"आता."

"जागा खंय आसा?"

"तुमच्या धाकट्याचो माड वादळात पडलो, थंय. खड्डो रिकामोच आसा. तो काय विरारसून येवन भरूचो नाय."

नवरा म्हणाला, "अगो, तब्येत बघ त्यांची, आता कशाला..." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. खाली रस्त्यावर कोणाची तरी वरात चालली होती, ताशाचा आवाज गॅलरीतून आत येत होता. तो आवाज दूर गेल्यावर दिरांनी कप पुन्हा उचलला.

"ती येतली लावूक?" त्यांनी विचारलं.

"येतली. नाय इली तर मी येतलंय," मी म्हटलं. "खड्डो मी साफ करतलंय, नारळ मी बसवतलंय. तुमी फक्त गाऱ्हाणा घाला, आणि तिचा नाव मोठ्यान घ्या."